हसायचा शॉट

मालिकेत मला अर्धांगवायू झालेला आहे, हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. धारणकर घराण्यातला मी सगळ्यात थोरला पुरुष. सगळे मला आबा म्हणतात, येता-जाता पाया पडतात आणि माझ्या देखत वाटेल ती कारस्थानं रचतात, कारण मला बोलता येत नाही. मी दिवाणखान्यातल्या खुर्चीत बसून डोळे मोठे करतो किंवा बारीक करतो. नाशिकच्या हौशी रंगभूमीवर उभा जन्म घसा फोडल्यावर आणि बँकेतून निवृत्त झाल्यावर माझ्या वाट्याला ही भूमिका आली. ‘अखेर तुम्हाला गप्प बसवणारं कोणीतरी भेटलं,’ एवढंच आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या आणि पोळ्या लाटायला लागल्या.

पण गप्प बसणाऱ्याला दिसतं फार. मखमलाबादच्या पुढे, द्राक्षबागांच्या मधोमध असलेल्या त्या दोन मजली बंगल्यात कोण कोणावर रुसलंय, कोणाला घरची आठवण येतेय, कोणाची भूमिका वाढणार आणि कोणाची आटणार, हे मला खुर्चीतून आपसूक कळायचं. चेतन मला दिसला तो असाच.

चेतन हा माझा धाकटा नातू. मालिकेतला म्हणतोय मी. बाकीची तरुण मंडळी मुंबई-पुण्याहून आलेली, गंगापूर रोडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारी. हा एकटा इथला. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत वाढलेला, वडील त्याच केंद्रात कामाला. रोज तिकडून मोटरसायकलवर यायचा आणि हेल्मेटच्या आत दिवसभराचे संवाद घोकत यायचा. गाडी लावली तरी हेल्मेट काढायचा नाही, आतून पुटपुट चालूच. मग काच वर करून मला पहिला प्रश्न विचारायचा, “आबा, आहे ना मी?”

म्हणजे आजच्या सीनमध्ये मी आहे ना, उद्याच्यात आहे ना, पुढच्या आठवड्यात असेन ना. मला काय कळणार? सीन यायचे सकाळी मोबाइलवर, ते लिहिणारा बसलेला मुंबईत, आणि त्याला सांगणारे चॅनलवाले आणखी कुठे. पण मी “आहेस रे बाबा” म्हणायचो. त्याशिवाय तो चहा घ्यायचा नाही.

त्याला स्वस्थ बसता यायचं नाही. हा दोष नव्हता, ती त्याची घडणच होती. उभ्याने जेवायचा, चालत फोनवर बोलायचा, आणि बसवलाच तर उजव्या पायाची टाच एकसारखी खालीवर. ठक ठक ठक. सुरुवातीला आमचा साउंडवाला वेडापिसा झाला. पंगतीचा सीन चाललाय, मोठी सून रडतेय, आणि मधूनच ठक ठक. त्याने पंखे तपासले, मोटर बंद करायला लावली, शेजारच्या बागेत कोणी कुदळ मारतंय का ते पाहून यायला माणूस पाठवला. शेवटी मीच डोळ्यांनी खूण केली. ती खूण दिग्दर्शकाला इतकी आवडली, की त्याने ती सीनमध्ये ठेवून दिली. त्या दिवसापासून चेतन कुठेही बसला की साउंडवाला त्याच्या पायाखाली गोधडीची घडी सारायचा.

दुसरी खोड ओठांची. स्वतःचे संवाद तर पाठ असायचेच, पण समोरच्याचेही असायचे. मग मैथिली बोलायला लागली, की याचे ओठ तिच्याबरोबर हलायचे. मैथिली म्हणजे त्याची मालिकेतली बायको, पुढे झालेली. पुण्याची पोर, तिचीही पहिलीच मालिका. ती चिडायची. “चेतन, माझं मला बोलू दे ना! तू काय भटजी आहेस का मंत्र सांगायला?” तो ओशाळायचा, ओठ दाताखाली धरायचा आणि पुढच्या टेकला पुन्हा तेच.

एवढी धास्ती कसली, हे मला नाना येऊन गेल्यावर समजलं. नाना म्हणजे त्याचे वडील. एका दुपारी सुट्टीच्या दिवशी आले, इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवीत घरच्या शेंगा घेऊन. चेतनचा सीन चालू होता. प्रॉडक्शनवाल्याने त्यांना माझ्या शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. बराच वेळ ते मुलाकडे बघत राहिले. एकच वाक्य, तो वेगवेगळ्या बाजूंनी पुन्हा पुन्हा म्हणत होता.

“यवढ्यासाठी दिवस जातो व्हय?” त्यांनी मला हळूच विचारलं.

“जातो,” मी म्हणालो.

“आमच्याकडंबी तसंच हाय. एक झडप बघायची तर दिवस जातो.” ते थोडे सैलावले. “मी त्याला अडवीत नाय बरं का. त्याच्या आईनं नवस केलाय, तिला लय कौतिक. पण ह्या कामात उद्याचं काय हाय, सांगा तुम्ही. माझी रिटायरमेंट आली. कंत्राटदार वळखीचा हाय, पोराला लावून घेतो म्हनला. तो काय जन्मभर जागा धरून बसनार नाय. मी चेतनला सांगितलंय, जवर तू टीव्हीत दिसतो तवर मी एक शब्द काढनार नाय. ज्या दिवशी दिसायचा बंद झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी गेटवर यायचं. त्यानं हो म्हनलंय.”

मला त्यांचा राग यायला हवा होता, आला नाही. माणूस सरळ होता. एवढी सवलत तर माझ्या वडिलांनी मला दिली नव्हती. मी बँकेत चिकटलो आणि नाटक सुट्टीच्या दिवशी केलं. पण त्या दिवसापासून चेतनचा “आहे ना मी” माझ्या कानाला वेगळा लागायला लागला.

आमच्या धंद्यात माणूस मरणार हे आधी कळतं, अशी सगळ्यांची समजूत आहे. रोजच्या मालिकेत कोणी उगाच खोकत नाही. कोणी एकाएकी सगळ्यांशी गोड वागायला लागला, एकाच भागात घरातल्या प्रत्येकाने त्याला जवळ घेतलं, किंवा त्याच्या तोंडी ‘मी नसलो तरी’ असं काही आलं, की नट मंडळी मनातून आवराआवर सुरू करतात. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे सिंगल फोटो. एकट्याचा, समोर बघून, हलकं हसत. त्याला हार घालायचा असतो.

मालिकेतल्या आमच्या आत्याबाईंचं असंच झालं. त्या बाई दुसरीकडे मोठी भूमिका मिळाली म्हणून स्वखुशीने मेल्या. प्राण सोडला, दिग्दर्शकाने कट म्हटलं, आणि म्हणाला, “ताई, आता हसा.” बाई ताडकन उठून बसल्या आणि कॅमेऱ्यात बघून खळखळून हसल्या. हे चेतनने पहिल्यांदाच पाहिलं. तो माझ्याकडे धावत आला.

“हे काय आबा?”

मी त्याला समजावलं. मेल्याचा सीन झाला, की नटाने कॅमेऱ्याकडे बघून हसायचं. अशुभ निघून जातं. तो शॉट कुठे दाखवत नाहीत, पण घेतात नेमाने. आमचा दिग्दर्शक देशमाने इंग्रजी सिनेमे पाहणारा, टॅबलेट बाळगणारा माणूस, पण हा शॉट त्याने कधी चुकवला नाही. हसला की सीन पुरा झाला, मेलेपण तिथेच राहिलं, नट मोकळा.

“आणि नाही हसला तर?”

“नाही हसला तर काय, असं झालेलं मी तरी पाहिलं नाही,” मी म्हणालो. चेतनने मान डोलावली आणि तसाच बागेकडे फेऱ्या मारायला गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी प्रॉडक्शनवाला आला आणि म्हणाला, “चेतन, तुझा एक सिंगल फोटो पाहिजे. समोर बघून, हलकं हसून.”

पोराच्या तोंडचं पाणी पळालं. माझ्या खुर्चीजवळ येऊन कुजबुजला, “आबा, सिंगल. समोर बघून. मी आता आठवड्याचा सोबती.” मी म्हणालो, अरे विचार तरी कशाला हवाय. तो विचारायला तयार नाही. विचारलं आणि हो म्हणाले तर? त्यापेक्षा त्याने आपल्या परीने उपाय शोधला. फोटोच असा द्यायचा, की त्याला कोणाला हार घालता येऊ नये. फोटोवाल्याने बोट दाबलं की हा मान फिरवायचा. पुन्हा दाबलं की डोळा मिटायचा. एकदा शिंकला, एकदा ‘पायाला मुंगी चावली’ म्हणून उडीच मारली. फोटोवाल्याला दुसरीकडे लग्नाला जायचं होतं. अखेर तो वैतागून जो निघाला तो घेऊन गेला. मान तिरकी, एक डोळा अर्धवट, गाल जरासा पुसट, आणि आपण जिंकलो या खुशीत ओठांवर खरंखुरं हसू.

तो फोटो हवा होता लग्नासाठी. धाकट्याला मुली बघायचा ट्रॅक सुरू होणार होता आणि मुलीकडे पाठवायला मुलाचा चांगला फोटो हवा होता! हे कळलं तेव्हा चेतनने कपाळावर हात मारून घेतला. आता लग्नही जाणार या भीतीने तो दिवसभर जेवला नाही. पण झालं भलतंच. लेखकाने तो फोटो पाहिला आणि सीनच बदलला. मैथिली फोटो हातात घेते, हसत सुटते आणि आईला म्हणते, “हा फोटोतसुद्धा स्वस्थ बसत नाही, घरात काय बसणार! चालेल मला.”

लोकांना ते अतोनात आवडलं. ज्याच्या त्याच्या मोबाइलवर तो तुकडा फिरायला लागला. कॉलेज रोडला पोरं चेतनला थांबवून एक डोळा मिटायला लावत आणि फोटो काढत. लग्न थाटात लागलं, मला फेटा बांधला. मालिकेतलं हे धाकटं जोडपं थोरल्या नायक-नायिकेपेक्षा पुढे गेलं. चेतन तरीही हेल्मेटची काच वर करून विचारायचाच, “आबा, आहे ना मी?” मी म्हणायचो, “अरे आता तूच आहेस, आम्ही कुठे आहोत!” मग तो तेवढ्यापुरता हसायचा, आणि पाय चालू.

मला वाटतं, त्याचं बरोबर होतं आणि मी बेसावध होतो. त्या यशातच सगळं होतं. लोकांना मैथिली फार आवडायला लागली. तिला रडता फार छान यायचं, आणि चॅनलवाल्यांच्या ते लक्षात आलं. सुखी जोडप्याला रडायला कारण लागतं.

या खेपेला ना खोकला, ना गोड बोलणं, ना फोटो. सकाळी सीन मोबाइलवर आला, एवढंच. चेतन जिन्याच्या पायरीवर बसून वाचत होता आणि मी खुर्चीत बसून मेकअप करून घेत होतो. काहीतरी चुकल्यासारखं वाटलं म्हणून मी मान वळवली. ठक ठक थांबली होती. त्याने फोन माझ्यापुढे धरला. धाकट्याला अपघात होतो. घरी आणतात. बस.

“विचारलंस का?” मी म्हणालो.

“विचारलं. सर म्हणाले, तुझ्या कामाबद्दल काही तक्रार नाही.” तो फोनकडे बघत राहिला. “तक्रार असती तर सुधारलं असतं ना आबा.”

मैथिली मेकअप रूमचं दार लावून बसली होती. तिने देशमानेला सांगून पाहिलं, मी हे करणार नाही म्हणून. तिलाही घरी जाब द्यायचा होता, तिचीही पहिलीच मालिका. दुपारी ती बाहेर आली. तिला दोष देणारा मी कोण?

दिवाणखान्यात मधोमध त्याला झोपवलं, माझ्या खुर्चीसमोर. पांढरी चादर, कपाळाला पट्टी. आमच्या देशमानेला धास्ती होती, की हा हलणार. हा श्वास कसा रोखणार, पाय कसा थांबवणार? चेतन हलला नाही. मैथिली त्याच्या छातीवर पडून रडत होती, थोरली सून तिला ओढत होती, आणि तो निजला होता तो निजलाच. इतकं चांगलं काम त्याने याआधी केलं नव्हतं. शेवटी कॅमेरा माझ्यावर येणार होता, आबांच्या डोळ्यांतून एक थेंब. एरवी मला ग्लिसरीन लागतं. मला वाईट वाटत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता, त्या मुंबईत बसलेल्या माणसाचा, चॅनलचा, माझ्या अर्धांगवायूचा. तो नसता तर मालिकेत तरी मला उठून ओरडता आलं असतं.

“कट,” देशमाने म्हणाला. मग मऊ आवाजात, “छान केलंस बाळा. चल, हस आता.”

चेतन उठला नाही. सगळे वाट बघत होते. कॅमेरा चालूच होता.

“चेतन, हस राजा. जेवायला जायचंय.”

डोळे मिटूनच तो म्हणाला, “राहू द्या ना सर जरा. उठलो की संपलंच.”

मैथिली त्याच्या शेजारी जमिनीवर बसून राहिली, तिचं रडणं सीनबरोबर थांबलं नव्हतं. थोड्या वेळाने लाइटवाल्यांनी पुढच्या सीनसाठी दिवे हलवायला घेतले. मग तो उठला, चादरीची नीट घडी घातली, माझ्या पाया पडला आणि मागच्या दाराने गेला. हसायचं राहून गेलं. देशमानेच्या ते ध्यानात आलं तेव्हा त्याने माणूस पळवला, “त्याला म्हणावं एकदा हसून जा!” पण मोटरसायकल गेली होती. दुसऱ्या दिवशी देशमानेने स्वतः नारळ फोडला आणि तरीही दिवसभर किरकिरा होता.

गंमत अशी, की आमचे भाग आधी काढून ठेवलेले असतात. सेटवर चेतन गेला होता, टीव्हीवर मात्र अजून जिवंत होता, बायकोला मोटरसायकलवर फिरवत होता. नानांचा शब्द टीव्हीतल्या चेतनशी बांधलेला. ते दिवस तो रोज घरून वेळेवर निघायचा आणि सेटवर येऊन, देशमानेला टाळत, बागेत फेऱ्या मारायचा. मोबाइलवरून इकडे तिकडे फोन, मुंबईला ओळखीच्यांना निरोप, कुठे काही आहे का. कुठे काही नव्हतं. ‘बघतो, कळवतो’ म्हणणारे मात्र पुष्कळ होते.

मग टीव्हीवरही तो गेला. आईने त्याला शेजारी बसवून घेतलं, त्याचं मनगट घट्ट धरलं आणि तो भाग पाहिला. शेजारणी भेटायला आल्या, एकीने पिठलं-भाकरी आणली आणि त्यालाच वाढली. हे सगळं त्याने मला फोनवर हसवत सांगितलं. नानांशी झालेला वादही सांगितला. हा म्हणाला, मी अजून दिसतो ना टीव्हीत, माझा फोटो आहे भिंतीवर, रोज दिसतो. नानांनी म्हणे खरंच विचार केला. मग म्हणाले, “फोटो तर तुझ्या आज्ज्याचाबी दिसतो भिंतीवर. त्याला कोन म्हनतं कामाला हाय?”

फोटो तोच. नवीन काढायला तो कोणाच्या हाती लागला नाही, म्हणून लग्नाचाच मोठा करून लावला. तिरकी मान, अर्धा डोळा, पुसट गाल. त्याला चंदनाचा हार. बरोबर माझ्या खुर्चीसमोर.

पुढे त्याचे फोन आटले. मग मीच एका दुपारी शूटिंग नसताना एकलहऱ्याला गेलो. काही काम नव्हतं, बायकोला मात्र काम आहे म्हणून सांगितलं. गेटसमोरच्या टपरीवर बसलो. पाळी बदलायची वेळ होती. सारख्याच रंगाची हेल्मेटं घातलेली माणसं रांगेत उभी होती, आत जायचे पास हातात धरून. मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होतो आणि चेतन मला सापडेना. कारण मी हलणारा माणूस शोधत होतो. तो रांगेच्या शेवटी उभा होता, स्वस्थ, हात बाजूला सोडून. मी पायाकडे पाहिलं. पाय जमिनीवर होता, नुसता. मला ते बघवेना.

“आबा!” त्यानेच हाक मारली आणि रांग सोडून आला. चहा घेतला, बाकावर बसून, शांतपणे. नाना बरे आहेत, आई मालिका बघत नाही आता, काम जड नाही, माणसं चांगली आहेत. मग त्याने विचारलं, “मैथिलीचं दुसरं लग्न लावताय म्हणे?”

“तसा ट्रॅक आहे.”

“कोण येतोय?”

“आहे एक पोरगा. साताऱ्याचा. घाबरलेला असतो बिचारा.”

“त्याला सांगा, सिंगल फोटो मागितला तर नीट काढून दे म्हणावं.” तो जमिनीकडे बघत होता. मग हेल्मेटचा पट्टा चाचपत, अगदी पूर्वीसारखं, “आबा, आहे ना मी?”

“आहेस की. समोरच असतोस माझ्या. सगळे आपापलं बोलतात आणि मी तुझ्याकडे बघत बसतो.”

त्याच्या ओठांवर हसू आलं. येता येता त्याने ते दाताखाली धरलं, मैथिलीचे संवाद धरायचा तसंच.

“हस की गाढवा,” मी म्हणालो.

“नाही आबा. ते बाकी ठेवलंय मी.” तो आता भराभर बोलायला लागला. “इथे सगळे म्हणतात, हा हसत का नाही. मी सांगत नाही कोणाला. तुम्हीच सांगितलं होतं ना, हसला की सीन पुरा. माझा पुरा झालेला नाही. देशमाने सरांना अजून खटकत असणार ते, मला माहितीये. कधीतरी कुठल्या तरी कॅमेऱ्यासमोर मला उठून हसायचंय. तेवढं तरी बाकी आहे माझं.”

मी नुसते डोळे मोठे केले. मालिकेतलं गप्प बसणं एवढं अंगवळणी पडलंय.

आत भोंगा झाला. त्याने माझे पाय धरले, कप टपरीवर ठेवला आणि पळत जाऊन रांगेत शेवटी उभा राहिला. हेल्मेट चढवलं. आता सगळ्यांसारखाच तोही मागून एक पाठ झाला. मी उठलो नाही, बघत राहिलो. रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. थोड्या वेळाने त्याच्या पुढच्या माणसाने वळून खाली पाहिलं, आवाज कसला येतोय म्हणून.